झडतीची पावती कुठे आहे?

गेल्या हिवाळ्यात सिद्धेश्वर धरणाकडून औंढ्याला येताना रस्त्यावर पोलिसांनी गाड्या अडवल्या होत्या. कालव्याकाठच्या शेतांतून मोटारींच्या केबल चोरीला जात होत्या, म्हणून ही तपासणी. माझ्या डिकीत केबलचं भेंडोळं होतं. घरचीच जुनी केबल, दुरुस्तीला नेत होतो. ‘कुठले, सर?’ एवढं विचारून मला सोडलं. डिकी कुणी उघडली नाही.

मागून एक पारधी जोडपं पायी येत होतं. त्यांचं गाठोडं डांबरावर सोडायला लावलं. दोन लुगडी, लेकराचं झबलं, ज्वारीचं पीठ, एक विळा. विळा कशाला, कुठून आणला, कुणाचा, यावर अर्धा तास गेला. मग ‘निघा’ म्हणाले. बाईनं सांडलेलं पीठ ओंजळीनं भरलं. मी बाजूला गाडी लावून सगळं पाहत होतो आणि गप्प होतो. केबल माझ्या डिकीत होती.

महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ मधलं कलम ६५ रस्त्यावरच्या झडतीबद्दल आहे. रस्त्यात एखाद्याजवळची वस्तू चोरीची असावी असा पोलीस अधिकाऱ्याला सद्भावनेनं संशय आला, तर त्याला ती शोधता, तपासता येते. तिचा हिशेब मागता येतो. उत्तर उघड खोटं किंवा संशयास्पद असेल तर वस्तू ठेवून घेऊन दंडाधिकाऱ्याला कळवायचं. म्हणजे कायद्यात संशय वस्तूवर आहे. रस्त्यावर तो माणसावर घेतला जातो.

ही सवय जुनी आहे. हिंगोलीत एकेकाळी निजामाच्या फौजेची छावणी होती आणि स्लीमनच्या ठगमोहिमेत या गावाचं नाव येतं. त्या मोहिमेसाठी कंपनी सरकारनं १८३६ साली कायदा केला : अमुक गुन्हा केला हे सिद्ध करायची गरज नाही, ठगांच्या टोळीतला होता एवढं जन्मठेपेला पुरे. १८७१ च्या कायद्यानं ब्रिटिश मुलखात अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवायची सोय केली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का पुसला गेला. पण १९५९ साली ‘सराईत गुन्हेगारां’चा मुंबई कायदा आला. पोलीस कायद्याच्या कलम १२२ मध्ये तर, रात्री रस्त्यावर रेंगाळणारा ‘चोर म्हणून ख्याती असलेला’ इसम समाधानकारक खुलासा देऊ शकला नाही की तेवढ्यावर शिक्षापात्र ठरतो. ही ख्याती पसरवतं कोण? ठाण्यातलं रजिस्टर आणि गावातली कुजबुज. सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालातही पोलिसांना बजावावं लागलं, की विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीनं अटक करू नका.

अटकेची निदान नोंद होते. झडतीत काही सापडलं नाही तर कागदच उरत नाही. त्या जोडप्यानं तक्रार करायची म्हटली तरी कशाच्या आधारावर? अंमली पदार्थांच्या कायद्यात कलम ५० आहे. राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर अंगझडती मागायचा तुझा हक्क आहे, हे संशयिताला आधी सांगावं लागतं. गांजाच्या संशयितासाठी जी काळजी आहे, ती पिठाच्या गाठोड्यासाठी नाही.

इंग्लंडात १८२४ च्या भटकेविरोधी कायद्याखाली पोलीस नुसत्या संशयावर माणसं धरत. कृष्णवर्णीय तरुणांवर त्याचा इतका मारा झाला, की १९८१ साली ते कलम रद्द करावं लागलं. १९८४ च्या कायद्यानं झडतीचं कारण नोंदवणं आलं आणि त्या नोंदीची प्रत मागता येऊ लागली. भेदभाव संपला का? नाही. आजही तिथे गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीयांच्या झडत्या कितीतरी जास्त होतात. पण हे आकड्यांत सांगता येतं, कारण नोंद आहे. आपल्याकडे आपण फक्त ‘असं वाटतं’ म्हणू शकतो.

यावर ठरलेली उत्तरं आहेत. ‘मग चोर पकडायचेच नाहीत?’ जरूर पकडा. ज्याची केबल जाते त्याचं पाणी थांबतं, हळद वाळते. ते दुःख मला ठाऊक आहे. पण चोरीचं तांबं गाठोड्यात राहत नाही, ते भंगाराच्या दुकानात जातं. त्या दुकानाला पाटी असते, पत्ता असतो. तिथे चौकशी करायला धाडस लागतं, पारध्याला अडवायला लागत नाही. ‘मनात पाप नाही तर झडतीला भ्यायचं कशाला?’ असं विचारणाऱ्याचं सामान बहुधा कधी रस्त्यावर ओतलेलं नसतं. ‘पोलिसांना लिहायला वेळ कुठे?’ हेल्मेट नसेल तर हाच शिपाई हातातल्या यंत्रावर गाडीचा फोटो काढतो आणि आपण घरी पोचायच्या आत मोबाईलवर चलन येतं. त्याच यंत्रावर चार ओळी मावतील : कुणाला थांबवलं, कोणत्या संशयावरून, काय सापडलं, अधिकारी कोण. त्याची छापील पावती त्या माणसाच्या हातात द्यायची. महिन्याअखेर गोळाबेरीज जिल्हा न्यायाधीशांकडे जाऊ द्या. किती झडत्यांत काही सापडलं आणि कुणाच्या झडत्या झाल्या, ते आपोआप दिसेल.

पावतीची मागणी त्या बाईनं करावी असं म्हणणं सोपं आहे. तिनं तोंड उघडलं असतं तर अर्ध्या तासाची रात्र झाली असती. ज्याला ‘सर’ म्हणून सोडतात, त्यानंच ती मागायला हवी. मला पुन्हा अडवलं तर मी डिकी उघडून दाखवणार आहे आणि पावती मागणार आहे. माझ्या मागे उभ्या असलेल्याचं गाठोडं सुटलं, तर त्याच्या पावतीसाठीही थांबणार आहे.