खोट्या कासवाचे अश्रू

‘ॲलिस इन वंडरलँड’ हे पुस्तक १८६५ साली लंडनमध्ये निघाले. त्यातील चित्रे जॉन टेनिएल यांची. त्यांपैकी एका चित्रात समुद्रकाठच्या खडकावर एक विचित्र प्राणी रडत बसला आहे. पाठीवरचे कवच आणि पुढचे पाय कासवाचे. परंतु डोके वासराचे, मागचे खूर वासराचे आणि शेपटीही वासराचीच. मुलांना हे ध्यान पाहून हसू येते. तत्कालीन मोठ्या माणसांना मात्र त्यात आपल्याच जेवणाच्या टेबलाची ओळख पटत असणार.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात कासवाचे सूप हे वैभवाचे लक्षण मानले जाई. वेस्ट इंडीजकडून जिवंत कासवे जहाजांतून आठवडेच्या आठवडे प्रवास करून इंग्लंडला येत, ती केवळ पातेल्यात जाण्यासाठी. लंडनच्या नव्या लॉर्ड मेयरची मेजवानी दर नोव्हेंबरात गिल्डहॉलमध्ये होई. तिथे या सुपाचा मान मोठा. १८४१ साली सुरू झालेल्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाला तर ढेरपोट्या नगरपित्याच्या रूपाने कायमचे गिऱ्हाईकच मिळाले. टेनिएलही १८५० पासून त्याच साप्ताहिकाचे चित्रकार होते. अर्धशतक त्यांनी तिथे काढले.

या चैनीचा हिशेब मिसेस बीटन यांच्या १८६१ सालच्या गृहव्यवस्थेवरील ग्रंथात सापडतो. या सुपाचा भाव एका क्वार्टला, म्हणजे सव्वा लिटरहूनही कमी मापाला, एक गिनी. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. त्याच ग्रंथात घरकामाच्या एकट्या मोलकरणीचा वार्षिक पगार नऊ पौंडांपासून सुरू होतो. महिन्याचे पंधरा शिलिंग पडले. तिचा महिनाभराचा घाम एका सुपाच्या भांड्यालाही पुरत नव्हता!

मग मध्यमवर्गाने काय करावे? मेजवानी तर थोरामोठ्यांसारखी दिसली पाहिजे आणि खिसा तर हलका. तोड निघाली: वासराचे डोके शिजवून, मसाले घालून कासवाच्या सुपाची नक्कल करावयाची. बीटनबाईंनी खरे आणि खोटे, दोन्हींची कृती दिली आहे. कासवाऐवजी वासरू पातेल्यात गेले, एवढाच काय तो फरक. यजमानाची प्रतिष्ठा राहिली. पाहुण्यांनाही सारे ठाऊक असे, आणि तेही नावाजून जेवत.

टेनिएल यांनी त्या नकलेलाच शरीर दिले. गोष्टीतला हा प्राणी हुंदके देत सांगतो की, एके काळी आपण खरे कासव होतो. आणि पुढे रडत रडतच सुपाचे गोडवे गातो. चित्रात ॲलिस आहे, शेजारी गरुडाच्या तोंडाचा एक काल्पनिक प्राणी आहे. वाडगा नाही, चमचा नाही. ‘पंच’मधला तो ढेरपोट्या नगरपिताही नाही.