खांद का शेकतात?

मुलांनो, पोळा श्रावण अमावास्येला येतो. पण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे बैलांचा मान आदल्या दिवशीच सुरू होतो. बैल धुऊन आणायचे, खांद्याला हळद नि तूप चोळून शेकायचे आणि उद्या जेवायला यायचं आवतन द्यायचं. यालाच आपण ‘खांद शेकणे’ म्हणतो. आता बऱ्याच घरी तुपाऐवजी तेल असते.

हा नुसता लाड आहे का? जरा स्वतःच्या गळ्याखाली बोट फिरवा बघू. छातीपासून खांद्यापर्यंत गेलेले एक आडवे हाड लागेल. त्या हाडाने आपला हात छातीच्या पिंजऱ्याला जोडलेला असतो. बैलाला हे हाडच नाही! घोड्यालाही नाही, हत्तीलाही नाही. दोन खांबांमध्ये झोळी टांगावी, तसे त्यांचे धड पुढच्या दोन पायांमध्ये नुसत्या स्नायूंनी तोललेले असते.

त्यात बैलाच्या वशिंडापुढे जू येते. रोवण्याच्या दिवसांत चिखलात ओढून ओढून तिथले स्नायू आखडतात, कातडी घासते. जू खडबडीत असले किंवा जोडीतला एक बैल उंच नि दुसरा ठेंगणा असला, तर खांदेसूज येते. बैल काही ‘दुखतं’ म्हणून सांगत नाही. ते चोळणाऱ्या हाताला कळतं.

कसं, ते सांगते. मोठ्या माणसाला सोबत घ्या. मागून जाऊ नका; बाजूने, बैलाला हाक देत जा. केसांच्या दिशेने तळहात फिरवा. आधी एक खांदा, मग दुसरा. एक बाजू जास्त गरम लागते का? कडक लागते का? हात लागताच बैल अंग चोरतो का? तसं असेल तर घरी लगेच सांगा. जखमेवर किंवा ताज्या, गरम सुजेवर चोळायचं नाही, शेकायचं नाही. तो बैल जुंपायचा नाही आणि गुरांच्या डॉक्टरांना दाखवायचा. दुखणं नसेल, तरच कोमट शेक द्यायचा. तोही आधी आपल्या मनगटाला लावून बघायचा.

गडचिरोली जिल्ह्यात कमलापूरला वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे. तिथे हिवाळ्यात हत्तींना काही दिवस सुटी देतात आणि जंगली औषधींच्या गरम काढ्याने त्यांचे पाय शेकतात. त्याला ‘चोपिंग’ म्हणतात. सुटी आणि शेक, दोन्ही बरोबर! आपल्या वाडवडिलांनीही हेच केलं. आज खांद शेकली की उद्या पोळा, म्हणजे जू खांद्यावर ठेवायचंच नाही. आराम मिळाला, तरच मालिश कामी येते.

पण बैल राबतो किती दिवस आणि आपण खांद शेकतो किती दिवस? पोळ्याची वाट कशाला बघायची? तुमच्या घरी किंवा शेजारी बैलजोडी असेल, तर आज संध्याकाळी बंडी सुटल्यावर बाबांबरोबर गोठ्यात जा आणि दोन्ही खांदे चाचपून बघा. हाताला काय कळलं, ते मला पत्राने नक्की कळवा हं!