आराखडा परक्याचा, हात आपले

दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरांत मुलांच्या भवितव्याची चर्चा सुरू होते. एके काळी ती डॉक्टर आणि इंजिनियर या दोन शब्दांत आटोपत असे. आता हिंजवडीच्या राजीव गांधी आयटी पार्कमध्ये नोकरी करणाऱ्या आई-वडिलांची मुलेही डिझाईन शिकण्याची इच्छा बोलून दाखवू लागली आहेत. हा बदल स्वागतार्ह आहे. मात्र लाखो रुपयांचे शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी एक प्रश्न अवश्य विचारला पाहिजे. ही संस्था मुलाला विचार करायला शिकवणार आहे, की केवळ संगणकाच्या कळा दाबायला?

हा प्रश्न एका कुटुंबापुरता नाही. हिंजवडीने गेल्या पाव शतकात जगासाठी अफाट काम केले. पण काय घडवायचे हे बहुतांशी परदेशी ग्राहकाने ठरवले आणि ते कसे घडवायचे एवढेच येथील बुद्धीच्या वाट्याला आले. 1998 साली आलेली इंडिका भारतीय मोटार म्हणून गौरवली गेली आणि पिंपरीच्या कामगारांनी ती अभिमानाने घडवली. तिचे बाह्यरूप साकारताना मात्र इटलीतील तुरिनच्या आयडिया या संस्थेचे साहाय्य घ्यावे लागले. त्यात उद्योगाला दोष देता येणार नाही. जे देशात पुरेसे शिकवले गेले नाही, ते बाहेरूनच आणावे लागते.

याची दुसरी बाजू जून 2025 मध्ये दिसली. मिलानच्या मंचावर प्राडा या कंपनीने कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे सादर केली आणि तिच्या मूळ कारागिरांचा उल्लेखही केला नाही. 2019 पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातून निषेध झाल्यानंतर कंपनीने या परंपरेचे ऋण मान्य केले. समाजाचा संताप रास्तच होता. पण संताप ओसरल्यावर आत्मपरीक्षणही व्हायला हवे. पिढ्यान्‌पिढ्या कातडे ओळखणाऱ्या घरातील मुलाने डिझाईनचे उच्च शिक्षण घ्यायचे ठरवले, तर त्याच्यासाठी कोणते दार उघडे आहे? आयआयटीच्या डिझाईन अभ्यासक्रमांसाठी 2015 पासून घेतल्या जाणाऱ्या यूसीड परीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. ज्याच्या हातात विद्या आहे, तो भाषेच्या उंबरठ्यावरच अडतो.

या देशाला हे शास्त्र नवे नाही. शिल्प आणि वास्तू यांचा सांगोपांग विचार करणारा 'समरांगणसूत्रधार' राजा भोजाच्या नावावर आहे. परंतु 1857 साली मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूलसारख्या संस्था परकीय राजवटीच्या चौकटीत वाढल्या आणि शिकलेला कलावंत व राबणारा कारागीर यांच्यात भिंत उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्था 1961 साली स्थापन झाली. तिचा पाया ठरलेल्या 1958 च्या अहवालात चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकी दांपत्याने आपल्या साध्या लोट्याचे उत्कृष्ट रचना म्हणून मनापासून कौतुक केले. घरातल्या लोट्याचे मोल परक्याने सांगावे, ही आत्मविस्मृतीच नव्हे काय?

मुळाशी घट्ट राहून आधुनिक होता येते, हे रघुनाथ कृष्ण जोशी यांनी दाखवून दिले. मुंबई आयआयटीच्या औद्योगिक डिझाईन केंद्रात अध्यापन केलेल्या या सुलेखनकाराने भारतीय लिप्यांचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यातूनच कोट्यवधी संगणकांवर पोहोचलेला 'मंगल' हा देवनागरी टंक साकारला.

शिक्षणाचा नमुनाही हिंजवडीपासून फार दूर नाही. लोकमान्य टिळकांच्या पाठबळाने, सामान्य माणसाने दिलेल्या पैशापैशातून 1908 साली तळेगाव दाभाडे येथे पैसाफंडाचा काच कारखाना उभा राहिला. तेथे भट्टीसमोर उभे राहून तरुण काचकाम शिकत. कारखाना हीच शाळा होती. स्वदेशी ही तेथे घोषणा राहिली नाही, तिचे कौशल्य झाले.

आज याच मार्गाची निकड आहे. कळा दाबण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात करू लागली आहे. माणसाची गरज ओळखणारा, माती, धातू आणि लाकूड यांचा स्वभाव जाणणारा विद्यार्थीच पुढे टिकेल. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी हस्तव्यवसायांची ओळख आणि दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. हे दहा दिवस सहलीत संपू नयेत. म्हातोबाच्या यात्रेत हिंजवडीहून वाकडला बगाड निघते. त्याची लाकडी बांधणी हा भार आणि तोल यांचा जिवंत पाठ आहे. तो परिसरातील शाळांनी मुलांना दाखवावा. पुण्यातील डिझाईनच्या विद्यार्थ्यांनी कसब्यातील तांबट आळीत काही महिने काम करावे आणि तेथील तांबटाला अध्यापकाचा मान व मानधन मिळावे. प्रवेश परीक्षा मराठीतून देता यावी. हिंजवडीतील कंपन्यांनीही सामाजिक दायित्वाच्या निधीतून कारागिरांच्या मुलांना शिष्यवृत्ती द्यावी.

दत्तोपंत ठेंगडी यांनी उभ्या केलेल्या भारतीय मजदूर संघाने विश्वकर्मा जयंती हाच राष्ट्रीय श्रमिक दिन मानला. त्यामागे बुद्धी आणि श्रम यांच्या अद्वैताची दृष्टी आहे. त्या दिवशी हत्यारांना हळदकुंकू वाहणे पुरेसे नाही. सुताराचा मुलगा आणि संगणक अभियंत्याची मुलगी एकाच बाकावर बसून एक वस्तू घडवतील, तेव्हा ती पूजा सार्थ होईल आणि हात आपले असतील तसा आराखडाही आपलाच असेल.