एका युनिटला सदुसष्ट हंडे

तर मंडळी, एप्रिलमधला शनिवार. स्थळ मुळशी धरणाच्या काठावरची एक वाडी. तिघा मित्रांनी मिळून भाड्यानं घेतलेलं दोन खोल्यांचं घर, आणि त्या दिवशी हजर असलेला एकमेव भाडेकरू म्हणजे अस्मादिक. सोबत दोन लॅपटॉप (एक कंपनीचा, आणि एक ज्यावर खरं काम होतं तो), आवाज बंद करणारे हेडफोन, ई-रीडर, एक ड्रोन (जो मी आजवर चारदा उडवलाय आणि तीनदा झाडावरून काढलाय), घड्याळ, त्या घड्याळाचा वेगळा चार्जर, आणि नवीन खरेदी: ५०० वॉट-तासांचं पोर्टेबल पॉवर स्टेशन. किंमत विचारू नका. बायकोनं विचारली होती, तेव्हापासून घरी थोडं शांत आहे.

उद्देश काय, तर 'निसर्गाच्या सान्निध्यात' बसून कोड लिहायचा.

सकाळी आठला वीज गेली. मला खरं सांगायचं तर आनंदच झाला! एवढे पैसे घालून घेतलेल्या वस्तूचा उपयोग व्हायला नको का? ऐटीत बटण दाबलं, हिरवा दिवा लागला, राऊटर सुरू, लॅपटॉप सुरू. आपण म्हणजे एकदम स्वयंपूर्ण खेडं वगैरे.

दहाच्या सुमारास शेजारच्या मावशी दारात. हातात बटणांचा छोटा फोन. "दादा, तुमच्याकडं लाईट हाय ना? एवढा लावा की. पोराचा फोन यायचाय पुण्यास्नं."

लावला. डोक्यावर चुंबळ आणि काखेत हंडा होता म्हणून विचारलं, निघालात कुठं? तर विहिरीवर. नळ आहे, पण टाकीत पाणी चढवायला मोटर लागते, मोटरला वीज लागते आणि वीज गेलेली. त्यामुळे विहीर. वर चढून जायचं, पाऊण तासाची खेप.

आता आमच्या ओट्यावरून खाली बघितलं तर समोर अख्खा जलाशय. निळाशार, नजर पोचेल तिथवर. मी शहाणपणा करून म्हटलं, "एवढं पाणी आहे की समोर."

मावशी म्हणाल्या, "दिसतंय की. पण ते आपलं न्हाई. माझ्या सासऱ्याच्या बापाची जमीन हाय त्याच्याखाली." आणि गेल्या.

एवढंच. रडणं नाही, भाषण नाही. पण माझा कोड त्या दिवशी काही पुढे सरकला नाही. मग इंजिनिअर माणूस अस्वस्थ झाल्यावर जे करतो ते केलं... हिशेब मांडला.

मुळशीचं पाणी बोगद्यातून आणि नळांतून घाटाखाली रायगड जिल्ह्यात भिऱ्याच्या वीजघरात पडतं. पडण्याची उंची साधारण ५०० मीटर. एक लिटर पाणी ५०० मीटर खाली पडलं की निघणारी ऊर्जा होते सुमारे १.३६ वॉट-तास. त्यातून टर्बाइनची घट, तारांमधली घट, आपल्या चार्जरचं गरम होणं वजा केलं की बॅटरीत पोचतो जवळपास एक वॉट-तास. म्हणजे एक लिटर, एक वॉट-तास. इतकं सोपं गणित शाळेत आलं असतं तर मी बोर्डात आलो असतो.

आता हंडा धरा १५ लिटरचा. लॅपटॉपची बॅटरी ६० वॉट-तासांची: चार हंडे. फोन: सव्वा हंडा. ते माझं लाडकं पॉवर स्टेशन: तेहतीस हंडे. इलेक्ट्रिक स्कूटर, तीन युनिटची बॅटरी धरली तर: दोनशे हंडे. दीड टनाचा एसी तासभर: शंभर हंडे, आणि आमच्या हापिसात तो एवढा गार असतो की लोक मे महिन्यात स्वेटर घालून बसतात. तुमच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे हजार लिटर, सदुसष्ट हंडे. महिन्याला दोनशे युनिट जाळणारं घर म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर.

(लगेच कुणीतरी म्हणेल, अरे पुण्याच्या सॉकेटात येणारी वीज बहुतेक कोळशाची असते, मुळशीची जाते मुंबईला. मान्य. आपल्यासाठी कोळसा कुणाच्या जमिनीखालून निघतो, तो हिशेब दुसऱ्या कुणी करावा. मी सध्या या ओट्यावर बसलोय.)

इतिहास थोडक्यात, कारण शाळेत आपल्याला तो एका ओळीत उरकलेला असतो. निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमावर टाटांनी धरण बांधायला घेतलं. मावळातली बावन्न गावं त्यात जाणार होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे कामावर जाऊन बसले आणि काम थांबलं. तात्पुरतं. पुढे तीन वर्षं लढा चालला, तुरुंग झाले, शेवटी हरले. १९२७ ला भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हणून त्याचं नाव घेतात. राजेंद्र व्होरांचं त्यावर अभ्यासपूर्ण पुस्तक आहे, जरूर वाचा.

या लढ्यातली मला चावणारी गोष्ट वेगळीच. मावळच्या बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्यातल्या सावकारांच्या झालेल्या होत्या. त्यांना जमिनीची ऊब नव्हती, मोबदल्याची होती. कसणारा वेगळा, सहीवाला वेगळा. आमच्या भाषेत बोलायचं तर ज्याच्याकडे ॲडमिन पासवर्ड त्यानं 'ॲग्री' दाबलं, आणि ज्याचा डेटा होता तो बसला बोंबलत. आणि समोरही कुणी गोरा साहेब नव्हता, स्वदेशी भांडवल होतं. गिरण्यांना स्वच्छ वीज हवी होती, मुंबईचा धूर कमी व्हायला हवा होता. वाईट कारण नव्हतंच ते! म्हणूनच भल्याभल्यांची पंचाईत झाली.

लढ्याचं नेतृत्व केलं पांडुरंग महादेव बापटांनी. 'सेनापती' ही पदवी त्यांना इथलीच. हा माणूस शिष्यवृत्तीवर एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेलेला होता. म्हणजे "यांना प्रगती कळत नाही" असं म्हणायची सोय नाही. यंत्र कसं चालतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं, आणि त्याचं बिल कुणाच्या नावावर फाडलं जातंय हेही. शेवटी १९२४ मध्ये त्यांनी रेल्वे अडवली आणि सात वर्षं तुरुंगात गेले. आपण त्यांचं काय केलं? पुण्यात त्यांच्या नावाचा रस्ता केला, त्यावर चकचकीत ऑफिसं बांधली आणि त्याला एस. बी. रोड म्हणायला लागलो. मुंबईत तर सेनापती बापट मार्ग थेट गिरणगावातून जातो. ज्या गिरण्यांसाठी मुळशी बुडवली, त्यांच्याच दारावर त्याची पाटी! महापालिकांना विनोदबुद्धी नसते असं कोण म्हणतं.

आणि हे पाणी वीज करून झाल्यावर जातं कुठे? कुंडलिका नदीत. मुळेचं पाणी खरं तर भीमेला, तिथून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जायचं. ते आता कोकणातून अरबी समुद्रात जातं. कोलाडला जे राफ्टिंग होतं ना, ज्याला आमची कंपनी 'टीम बिल्डिंग' म्हणून नेते, ते याच सोडलेल्या पाण्यावर. मी दोनदा गेलोय. हेल्मेट घालून, आरडाओरडा करत, मावशींच्या आजेसासऱ्याच्या शेतावरून आलेल्या पाण्यातून. फोटो आहेत.

आता मूळ मुद्द्यावर येतो, म्हणजे आपल्यावर.

हिंजवडी हा मुळशी तालुका आहे हे आपल्यापैकी निम्म्यांना माहीत नसतं. २०२५ च्या पावसाळ्यात आयटी पार्कचे रस्ते तुंबले, बसा गुडघाभर पाण्यात चालल्या, ट्रॅफिकनं माणसं रडकुंडीला आली. ऑनलाइन अर्ज निघाला, हजारोंनी सह्या केल्या, मीही केली. मागणी रास्त होती. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार भल्या पहाटे पाहणीला आले, आयटी बंगळूर-हैदराबादला चाललंय म्हणून वैतागले. तेही ठीक. पण त्याच आठवड्यात आमच्या हापिसातल्या ग्रुपवर जे फॉरवर्ड फिरले ते वाचून लाज वाटली. "गाववाले जागा सोडत नाहीत." "यांना एवढे पैसे मिळाले तरी हाव." "टॅक्स आपण भरायचा आणि अडवणूक यांनी करायची."

अरे, अडवणूक? हा तालुका शंभर वर्षं देतोच आहे! आधी धरणाला दिलं. मग आपल्या काचेच्या इमारतींना दिलं. मधल्या काळात लवासासारखी डोंगरातली स्वप्ननगरी झाली, २०१० ला पर्यावरण खात्यानं काम थांबवलं, २०१८ ला कंपनी दिवाळखोरीच्या दारात, आणि डोंगर ते डोंगर राहिले नाहीत ते नाहीतच. एवढं होऊनही कुणी रस्तारुंदीच्या वेळी "आधी कागद दाखवा" म्हणालं तर तो विकासाचा शत्रू? आपण तर साधं सॉफ्टवेअर अपडेट करायच्या आधी तीनदा 'रिमाइंड मी लेटर' दाबतो.

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली होती, आठवतंय? लोकल थांबल्या, देशभर ब्रेकिंग न्यूज, चौकशी समित्या, परदेशी हॅकरांचा संशय. आमच्या वाडीत त्या शनिवारी आठला गेलेली वीज रविवारी दुपारी तीनला आली. हॅकर सोडा, वायरमनही फिरकला नव्हता. सर्व्हर एकीकडे आणि डाउनटाइम कायमचा दुसरीकडे, अशी व्यवस्था मी डिझाइन करून दाखवली असती तर मला हाकलून दिलं असतं. आणि पावसाचं म्हणाल तर जवळच्या ताम्हिणीत २५ जुलै २०२४ ला चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. आठ-नऊ महिने गेले की त्याच डोंगरात हंडा घेऊन पाऊण तासाची खेप.

"मग धरण फोडायचं का?" हा प्रश्न ग्रुपवर येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. नाही. मुंबई अंधारात बसवायची नाही, मी लॅपटॉप विकून बैल घेणार नाही. मागणी अगदी छोटी आहे, आणि ती मी शोधून काढलेली नाही, सरकारनंच लिहून ठेवलीय. केंद्राच्या २००८ च्या जलविद्युत धोरणात आहे: ज्या राज्यात प्रकल्प, त्याला १२ टक्के वीज मोफत; शिवाय एक टक्का स्थानिक भागाच्या विकासनिधीसाठी; आणि प्रकल्पग्रस्त कुटुंबाला दहा वर्षं दरमहा १०० युनिट. अडचण एवढीच की हे नव्या प्रकल्पांना. १९२७ वाल्यांना नाही. म्हणजे बग सापडला, दुरुस्त केला, पण ज्यांना तो सगळ्यात आधी चावला त्यांच्या व्हर्जनला पॅच नाही. आपण जुन्या व्हर्जनला सिक्युरिटी पॅच देतो की नाही? तिथं कुणी म्हणतं का, की तुम्ही फार आधी विकत घेतलंत म्हणून भोगा?

भिऱ्याची क्षमता ३०० मेगावॉट. १९९७ ला आलेलं पंप्ड स्टोरेजचं युनिट त्यात धरून. (ते तत्त्वच मस्त आहे: मागणी कमी असताना पाणी परत वर चढवायचं, गरज पडली की खाली सोडायचं. डोंगराएवढा इन्व्हर्टर. माझ्या पॉवर स्टेशनचा आजोबा.) त्याचा एक टक्का ३ मेगावॉट. दिवसातला पाव वेळच चालतं असं कंजूष गणित केलं तरी महिन्याला ५ लाख ४० हजार युनिट. घरटी १०० युनिट म्हटलं तर ५,४०० घरं. एका टक्क्यात! उरलेले नव्व्याण्णव टक्के खुशाल मुंबईला जाऊ देत. आणि काठावरच्या वाड्यांच्या नळाच्या मोटरींना स्वतंत्र तार, जी कधी जाणार नाही. बास.

पाण्याचंही तेच. टाटांच्या सहाही धरणांतून मिळून पश्चिमेला वळवायला कृष्णा लवादानं मर्यादा घातलीय, ती पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला ४२ टीएमसीच्या आसपास पडते. पुण्याला पाणी पाजणारी खडकवासल्याची चारही धरणं काठोकाठ भरली तरी २९. एवढ्यातून वाड्यांच्या पिण्यापुरतं पाणी काढलं तर समुद्राला समजणारसुद्धा नाही.

हे सगळं रविवारी रात्री टाईप करून हापिसातल्या ग्रुपवर टाकलं. म्हटलं, रस्त्यांसाठी पुढचा अर्ज निघेल त्यात ही दोन कलमं घाला, आपल्याच तालुक्याची आहेत. सह्यांची ताकद आपल्याकडे आहे, वाडीकडे नाही.

दोघांनी अंगठे दिले. एकानं विचारलं, हे हंड्याचं गणित एक्सेलमध्ये आहे का. एक जण म्हणाला, राजकारण नको यार ग्रुपवर. आणि तिघांनी पॉवर स्टेशनची लिंक मागितली.

लिंक दिली. एक्सेलही पाठवलं. मावशींचा फोन चार्ज झाला तेव्हा त्यांच्या पोराचे तीन मिस्ड कॉल येऊन गेलेले होते.