अर्धचंद्राला अर्धचंद्र

भातखंडे लिपीत एका मात्रेत एकाहून अधिक स्वर आले की त्यांच्याखाली अर्धचंद्र काढतात. एवढीशी वाकडी रेघ. आमच्या मराठी संगीतपुस्तकांत आता तिलाच अर्धचंद्र मिळू लागला आहे. कारण काय, तर फाँटमध्ये बसत नाही!

मागे एका बंदिशसंग्रहाच्या टिपांचा इंग्रजी अनुवाद माझ्याकडे होता. प्रुफं आली. स्वर होते, शब्द होते, समेची फुली होती. अर्धचंद्र एकही नव्हता. विचारलं तर प्रकाशकांकडून उत्तर आलं, "स्वर सगळे आहेत ना?"

आहेत हो. पण सा रे ग म प ध नि सां हे आठ स्वर चार मात्रांत दोन-दोन करून गाता येतात. किंवा पहिल्या मात्रेत सा, दुसरीत रेग, तिसरीत मपधनि आणि चौथीत सां, असेही. बेरीज दोन्हीकडे तीच, गाणं वेगळं. खालची रेघ पुसली की उरतात आठ सुटे स्वर, म्हणजे वाचणाऱ्याच्या लेखी आठ मात्रा. विभागाच्या उभ्या रेघांचंही तेच. झपताल दहा मात्रांचा, सूलतालही दहाचा. एक दोन-तीन-दोन-तीन असा चालतो, दुसरा दोन-दोनच्या पाच पावलांनी. पाश्चात्त्य स्वरलेखनात सहा-आठच्या तालातल्या सहा स्वरांच्या शेपट्या तीन-तीन जोडतात. कुणी त्या दोन-दोन जोडल्या, तर वाजवणाऱ्याला तीन-चार दिसतो. हिशेब जुळला म्हणजे लेखन झालं, हा कारकुनी समज आहे.

बंगाली वाचकांना हे दुखणं कमी असावं. त्यांच्या आकारमात्रिक स्वरलिपीत मात्रेची खूण म्हणजे आकाराचा काना, तो अक्षरांच्या ओळीतच उभा असतो. कर्नाटक पद्धतीत स्वर लांबवायचा तर स्वल्पविराम, अर्धविराम, तेही ओळीतच. आमचा अर्धचंद्र ओळीखाली लोंबकळतो, म्हणून आधी तोच गळतो. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिका मूळ मराठीतल्या, खिळे जुळवून छापलेल्या. त्या काळी जमलं ते संगणकावर जमत नाही, हे कुणाला पटावं?

यावर एक ठेवणीतलं उत्तर असतं: आपलं गाणं गुरुमुखातून शिकायचं, कागदावर नुसता सांगाडा. मान्य. मींड कागदावर उतरत नाही, श्रुती उतरत नाही. पण मात्रा उतरते. जे उतरतं तेही वाकडंतिकडं छापायचं असेल, तर पुस्तक काढताच कशाला? आणि गुरू ज्याच्या गावात नाही, त्यानेच ते विकत घेतलेलं असतं, ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. (कवितेच्या ओळी जागा वाचवायला सलग छापल्या, तर हेच प्रकाशक कवीची माफी मागतात.)

पुढे तडजोडीचा प्रस्ताव आला: रेघेऐवजी स्वर कंसात घालू. मी वहीत उतरवून दाखवलं की याच लिपीत कंसाला आधीच अर्थ आहे. कंसातला प म्हणजे धपमप, एका झटक्यात. तुमच्या कंसातला प कुठला आणि भातखंड्यांचा कुठला, हे गाणाऱ्याने कसं ओळखायचं?

त्या पत्राला अजून उत्तर नाही. पुस्तक मात्र छापायला गेलंय म्हणे.