दहा पिल्ले म्हणजे दहा नव्हेत

उंदराच्या एका गाभण मादीला औषध दिले, दुसरीला नुसते सलाइन. दोघींना दहा-दहा पिल्ले झाली. औषधवालीच्या पिल्लांची वजने कमी भरली आणि शोधनिबंधात छापून आले, ‘प्रत्येक गटात दहा’. खरा आकडा एक. औषध आईला दिले होते. तिची दहाही पिल्ले एकाच गर्भाशयात, एकाच रक्तावर पोसलेली. फरक औषधाचा की त्या आईचाच, हे अशा प्रयोगातून कळत नाही. माणसांवरच्या अभ्यासातही हेच होते. एका वॉर्डात नवे जंतुनाशक, दुसऱ्यात जुने. रुग्ण दोनशे असले तरी तुलना दोन वॉर्डांचीच.

असे लिहिणारे अडाणी नसतात. प्रयोगाची पद्धत परिच्छेदात लिहिली की अशी गोम सहज झाकली जाते. आकृतीत ती झाकणे अवघड. ब्रिटनच्या ‘एनसी थ्री आर्स’ या संस्थेने २०१५ मध्ये ‘एक्सपेरिमेंटल डिझाइन असिस्टंट’ हे मोफत संगणकीय साधन आणले ते याचसाठी. गट, उपचार, मोजमाप यांच्या चौकटी मांडायच्या आणि बाणांनी जोडायच्या. प्रत्येक चौकटीचा अर्थ ठरलेला असल्याने संगणक ती आकृती वाचू शकतो आणि उणिवा दाखवतो. गटांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी झाली का? मोजणाऱ्याला गट ठाऊक आहे का? प्रयोगाचे एकक कोणते, तेही नोंदवावे लागते. उपचाराचा बाण मादीपाशी थांबलेला समोर दिसत असताना तिथे ‘पिल्लू’ लिहायला हात धजावत नाही.

गरज किती, ते २००९ च्या एका पाहणीत दिसले. ब्रिटन-अमेरिकेतील प्राणीप्रयोगांचे २७१ शोधनिबंध तपासले, तेव्हा ८७ टक्क्यांत यादृच्छिक वाटणीचा उल्लेख नव्हता. अशाच निष्कर्षांच्या भरवशावर पुढे औषध माणसांना टोचले जाते. प्राणी फुकट जातात, ते वेगळेच.

आकृती सुबक म्हणून प्रश्न मोलाचा ठरत नाही, हेही खरे; ते संगणक सांगणार नाही. तरी आपल्याकडे प्राणीप्रयोगाच्या परवानगीसाठी संस्थेच्या नीतिमत्ता समितीकडे अर्ज करावाच लागतो आणि त्यात प्राण्यांच्या संख्येचे समर्थनही द्यावे लागते. ते बहुधा चार ओळींत उरकले जाते. त्यासोबत एका पानाची आकृती मागायला समितीला कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.