नोंद कुणाची, पैसा कुणाचा?



सुरगाण्याच्या डोंगरउतारावर नागली हळवी लावायची की गरवी, बियाण्यासाठी कुठली कणसं बाजूला काढायची, हे बाई जाणते. पहिल्या पावसानंतर कोणती रानभाजी कुठे उगवते, कोणता कंद कसा उकडला म्हणजे खाजत नाही, हेही तिलाच ठाऊक असतं. वर्षानुवर्षं बघून, करून, चुकून तिने हे मिळवलेलं आहे. प्रयोगशाळेत याला संशोधन म्हणतात. चुलीपाशी म्हणतात, "बायकांना माहीत असतंच!"

२००२ च्या जैवविविधता कायद्याने हे चित्र बदलण्याची एक वाट दाखवली होती. गावोगाव समित्या नेमायच्या आणि गावानेच आपली झाडं, बियाणी, मासे, औषधी वनस्पती नोंदवहीत लिहायच्या. माधव गाडगीळांसारख्या शास्त्रज्ञांनी त्यासाठी आग्रह धरला होता. २००४ च्या नियमांनी समितीत किमान एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात असं सांगितलं. प्रत्यक्षात काम रखडलं. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली. पुढे दरमहा दहा लाखांचा दंड! घाईघाईने वह्या भरल्या गेल्याची टीका तेव्हा झाली. घाईच्या कामात पहिल्यांदा कुणाला विचारायचं राहून जातं, हे आपल्याला सांगायला नको.

पैसा अजिबात नाही, असंही नाही. एप्रिल २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 'महाराष्ट्र जनुक कोश' प्रकल्पाला पाच वर्षांसाठी सुमारे १७२ कोटी रुपये मंजूर केले. त्याचं स्वागतच आहे. प्रश्न एवढाच, की अशा कुठल्याही योजनेच्या अंदाजपत्रकात गाडीभाडं असतं, छपाई असते, संगणकावर बसणाऱ्याचं मानधन असतं. मजुरी बुडवून दिवसभर माहिती सांगणाऱ्या बाईचा रकाना कुठे असतो? तिचं देणं मात्र 'लोकसहभाग'!

संगणकाच्या जगात १९८९ साली एक परवाना निघाला. आज्ञावली कुणीही वापरावी, सुधारावी, वाटावी. पण वाटताना पुढच्यालाही तेच हक्क द्यावेत. शेजारणीकडून बियाणं आणायचं आणि पीक आल्यावर तिसरीला द्यायचं, ही आपली रीत त्याहून कितीतरी जुनी आहे. अकोल्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती अशाच जपणुकीसाठी.

पण ज्ञान खुलं करा म्हणताना कुणासाठी, हेही विचारायला हवं. औषधी मुळीची जागा छापली, की व्यापाऱ्याची गाडी आधी पोचते. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभवाटपातून सूट दिली आहे. सवलत वापरणाऱ्याला मिळाली, जपणारीचं काय?

म्हणून सरकारी पैशाने होणाऱ्या अशा कामांसाठी आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. माहिती देणारीच्या वेळेला मजुरी मिळावी. तिची संमती असेल तर तिचं नाव नोंदीत यावं. नोंद गावाच्या बोलीत व्हावी आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी. काय खुलं ठेवायचं आणि काय गावातच राखायचं, हे स्त्रियांच्या सभेत आधी ठरावं. सुरगाणा अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला बळ दिलं आहे, ते इथे वापरता येईल.

पुढच्या ग्रामसभेत आपल्या गावाची नोंदवही मागून पाहा. तुमची नागली त्यात आहे का? आणि ती कुणी सांगितली, ते लिहिलं आहे का?